जॉर्ज डोरियो

जॉर्ज फ्रेडरिक डोरियो (२४ सप्टेंबर १८९९, पॅरिस – २ जून १९८७, बोस्टन) हे फ्रान्समध्ये जन्मलेले अमेरिकन प्राध्यापक, सेनाधिकारी आणि वित्तसंस्थाचालक होते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये त्यांनी सुमारे चार दशके अध्यापन केले. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याच्या पुरवठा विभागातील संशोधनाचे प्रमुख होते आणि तेथे ते ब्रिगेडियर जनरल या पदापर्यंत पोहोचले. त्यांचे नाव मात्र मुख्यतः घेतले जाते ते अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या संस्थेमुळे. विमा कंपन्या, विद्यापीठे आणि गुंतवणूक न्यास यांच्याकडील मोठा पैसा, शेअर बाजारात नोंदही नसलेल्या लहान कंपन्यांपर्यंत पद्धतशीरपणे पोहोचवणारी ही पहिली सार्वजनिक संस्था मानली जाते. त्यामुळे डोरियो यांना साहस भांडवलाचे, म्हणजेच व्हेंचर कॅपिटलचे, जनक असे संबोधले जाते.

प्रारंभिक जीवन

डोरियो यांचे वडील ऑग्युस्त डोरियो हे प्यूजो कारखान्यातील अभियंते होते. १८९१ मध्ये त्यांनी लुई रिगुलो या सहकाऱ्यासह प्यूजोची पेट्रोलवर चालणारी गाडी पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या सायकल शर्यतीच्या मागोमाग चालवत नेली. मोटारगाडीने केलेल्या सुरुवातीच्या दीर्घ प्रवासांमध्ये त्याची गणना होते. पुढे नोकरी सोडून त्यांनी भागीदारीत स्वतःचा मोटार कारखाना काढला. भागीदारांच्या आद्याक्षरांवरून त्या गाड्या डी.एफ.पी. या नावाने ओळखल्या जात. लंडनमध्ये या गाड्यांची विक्री करणाऱ्या बेंटली बंधूंपैकी एकाने पुढे स्वतःच्या नावाची विख्यात मोटार तयार केली. डी.एफ.पी.चा कारखाना मात्र पहिल्या महायुद्धानंतर सावरू शकला नाही आणि १९२० च्या दशकाच्या मध्यास बंद पडला. उत्तम यंत्रज्ञ, चांगला माल, पण अडचणीच्या काळात तग धरण्यापुरते भांडवल नाही, ही अवस्था डोरियो यांच्या घरातलीच होती. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ केवळ त्यातच शोधणे योग्य ठरणार नाही. तरी लहान कारखानदाराची बाजू त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात त्यांनी फ्रेंच सैन्याच्या तोफखान्यात सेवा केली. १९२१ मध्ये ते उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, येथे शिकण्याचा त्यांचा मानस होता. परंतु हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष लॉवेल यांच्या नावे त्यांच्याजवळ परिचयपत्र होते, आणि लॉवेल यांच्या सल्ल्यावरून त्यांनी तेव्हा नव्यानेच आकारास येत असलेल्या हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश घेतला. तेथे एक वर्ष काढून, पदवी न घेताच, ते न्यूयॉर्कमध्ये एका बँकगृहाशी संलग्न संस्थेत रुजू झाले.

हार्वर्डमधील अध्यापन

१९२५ मध्ये डोरियो साहाय्यक अधिष्ठाता म्हणून हार्वर्डला परतले. १९२९ मध्ये ते औद्योगिक व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले आणि युद्धकाळ वगळता १९६६ मधील निवृत्तीपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या अभ्यासक्रमाचे नाव साधे होते : उत्पादन. प्रत्यक्षात मात्र त्यात कारखान्याच्या कारभारापासून माणसे पारखण्यापर्यंत, आणि वेळ पाळण्यापासून वृत्तपत्र वाचण्याच्या पद्धतीपर्यंत सर्व काही येई. हार्वर्ड बिझनेस स्कूलची ख्याती उदाहरणांच्या चर्चेतून शिकवण्याच्या पद्धतीसाठी आहे. डोरियो यांना ती पद्धत फारशी मानवली नाही. ते व्याख्यान देत, आणि विद्यार्थ्यांना गटागटांनी एखाद्या खऱ्या कंपनीचा किंवा येऊ घातलेल्या उद्योगाचा अभ्यास करून अहवाल लिहायला लावत. आपल्या फ्रेंच धाटणीच्या उच्चारात ते बोलत आणि वर्गातील शिस्तीबाबत तडजोड करत नसत. त्यांच्या हाताखालून सुमारे ७ हजार विद्यार्थी गेले. त्यांतील अनेक जण मोठ्या कंपन्यांचे प्रमुख झाले. कॅलिफोर्नियात १९७२ मध्ये सुरू झालेल्या एका नामवंत साहस भांडवल संस्थेचे सहसंस्थापक टॉम पर्किन्स हे त्यांपैकीच होत.

१९३० मध्ये त्यांचा एडना ॲलन यांच्याशी विवाह झाला. एडना या हार्वर्डमध्येच संशोधन साहाय्यक होत्या. त्याच सुमारास पॅरिसच्या वाणिज्य मंडळाच्या साहाय्याने फ्रान्समध्ये व्यवसायशिक्षणाचे केंद्र उभारण्यातही डोरियो यांचा वाटा होता.

महायुद्धातील कार्य

१९४० मध्ये डोरियो यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. सैन्याच्या पुरवठा विभागाचे तेव्हाचे प्रमुख जनरल ग्रेगरी हे त्यांचे जुने विद्यार्थी. त्यांच्या बोलावण्यावरून १९४१ मध्ये ते लेफ्टनंट कर्नल म्हणून विभागात दाखल झाले आणि लष्करी नियोजन शाखेचे प्रमुख बनले. सैनिकाच्या अंगावरचे कपडे, पायांतील बूट, पाठीवरची झोपण्याची पिशवी, डब्यातले अन्न हे या शाखेचे क्षेत्र होते. हे काम वरवर सामान्य वाटते. पण हिवाळ्यात ओले बूट घालून उभ्या असलेल्या सैनिकाला ते तोफेइतकेच महत्त्वाचे होते. रबर, कथील यांसारख्या टंचाईच्या वस्तूंना पर्याय शोधणे, थंड प्रदेशासाठी एकावर एक घालायच्या थरांच्या पोशाखाची रचना करणे, अलास्कातील बर्फाळ पर्वतावर गिर्यारोहक पाठवून साहित्याची चाचणी घेणे, अशी कामे त्यांच्या देखरेखीखाली झाली. काचतंतू आणि प्लास्टिक यांच्या थरांपासून बनवलेल्या हलक्या चिलखताला त्यांच्या नावावरून डोरॉन असे नाव मिळाले. युद्ध संपता संपता ते ब्रिगेडियर जनरल झाले व त्यांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. त्यानंतर विद्यार्थी आणि सहकारी त्यांचा उल्लेख जनरल असाच करीत.

या कामात त्यांचा संबंध शेकडो लहानमोठ्या कारखान्यांशी आणि प्रयोगशाळांशी आला. प्रयोगशाळेतील कल्पना वापरातल्या वस्तूपर्यंत नेताना मधे किती अडथळे येतात, हे त्यांनी सरकारी खर्चाने पाहिले. युद्धानंतर तोच प्रवास खासगी पैशाने घडवायचा होता.

अडकलेला पैसा : संस्थेची पार्श्वभूमी

बोस्टन व त्याभोवतीच्या न्यू इंग्लंड प्रदेशाची स्थिती त्या काळात विलक्षण होती. येथील कापडगिरण्या १९२० च्या दशकापासून बंद पडत होत्या वा दक्षिणेकडील राज्यांत जात होत्या. दुसरीकडे युद्धकाळात एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या प्रयोगशाळांत रडार, किरणोत्सार, इलेक्ट्रॉनिक्स यांविषयीचे नवे ज्ञान साचले होते. शहरात पैशाची वाण नव्हती. अमेरिकेतील जुन्या श्रीमंत शहरांपैकी ते एक. पण तो पैसा विमा कंपन्या, विश्वस्त निधी, विद्यापीठांचे कायमनिधी आणि गुंतवणूक न्यास यांच्या तिजोऱ्यांत होता, आणि सरकारी रोखे व नामांकित कंपन्यांचे समभाग यांपलीकडे जाण्यास त्याचे राखणदार तयार नव्हते.

या सावधपणाला कायद्याचाही आधार होता. हार्वर्ड कॉलेज पक्षकार असलेल्या एका खटल्यात मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने १८३० मध्ये असा निर्णय दिला होता की, विश्वस्ताने पैसा गुंतवताना, एखादा विचारी मनुष्य स्वतःच्या कारभारात जशी काळजी घेतो तशी काळजी घ्यावी. वस्तुतः हा नियम उदार होता. शेअर घेणे त्याने निषिद्ध ठरवले नव्हते. तथापि व्यवहारात प्रत्येक विश्वस्त शेजारच्या विश्वस्ताकडे पाहून विचारीपणाचे माप ठरवू लागला, आणि जे कोणी करत नाही ते अविचाराचे, असा अर्थ रूढ झाला.

दुसरी अडचण बाजाराच्या स्वरूपाची होती. लहान कंपन्यांचे समभाग न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या नोंदणीत बसत नसत. त्यांची खरेदीविक्री ओव्हर-द-काउंटर पद्धतीने चाले, म्हणजे बाजाराच्या सभागृहात जाहीर बोलीने नव्हे, तर दलाल आपापसांत दूरध्वनीवरून भाव ठरवून ते व्यवहार करीत. भावांची यादी रोज गुलाबी कागदावर छापून दलालांकडे जाई. अशा समभागांचे व्यवहार थोडे, खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांतील अंतर मोठे, आणि माहिती तुटपुंजी असे. एखाद्या किरकोळ गुंतवणूकदाराला शंभर समभाग घेणे जमे. पण कोट्यवधी डॉलर सांभाळणाऱ्या विमा कंपनीने त्यात उतरायचे ठरवले, तर तिच्या दृष्टीने अर्थपूर्ण रक्कम त्या कंपनीच्या संपूर्ण भांडवलाहून मोठी निघे. शिवाय बाहेर पडताना घेणारा कोणी नसे आणि तिच्याच विक्रीने भाव कोसळे. अगदी नव्या कंपन्यांना तर गुलाबी यादीतही स्थान नव्हते. लहान कंपनीला संस्थांचा पैसा मिळत नसे याचे कारण केवळ भित्रेपणा नव्हते. आकारांचा हा बेमेळही तितकाच कारणीभूत होता.

बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष राल्फ फ्लँडर्स यांनी १९४५ मध्ये हा प्रश्न जाहीरपणे मांडला. विश्वस्त संस्थांकडील पैशाचा अल्पसा हिस्सा नव्या उद्योगांसाठी मोकळा व्हावा आणि तो एखाद्या मध्यस्थ संस्थेमार्फत अनेक उद्योगांत विभागला जावा, असा त्यांचा विचार होता. एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन, मॅसॅच्युसेट्स इन्व्हेस्टर्स ट्रस्ट या मोठ्या म्युच्युअल फंडाचे प्रमुख मेरिल ग्रिसवोल्ड आणि स्वतः डोरियो हे या विचारात सहभागी होते.

अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट

१९४६ च्या जूनमध्ये संस्थेची स्थापना झाली. डोरियो अद्याप सैन्यसेवेत असल्याने फ्लँडर्स पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्लँडर्स यांची अमेरिकेच्या सिनेटवर नेमणूक झाली आणि अध्यक्षपद डोरियो यांच्याकडे आले. ते त्यांनी पाव शतक सांभाळले.

त्याच वर्षी व्हिटनी आणि रॉकफेलर या धनाढ्य घराण्यांनीही नव्या उद्योगांत पैसा घालण्यासाठी आपापल्या व्यवस्था उभ्या केल्या होत्या. पण त्यांचा पैसा घरचा होता; तो बुडाला तर जाब विचारणारे कोणी नव्हते. डोरियो यांच्या संस्थेत पैसा परक्याचा होता, आणि त्यातला बराचसा पॉलिसीधारकांचा व विद्यापीठांचा. हा फरक निर्णायक होता. १९४० च्या गुंतवणूक कंपनी कायद्यातील काही कलमांतून रोखे नियामक आयोगाकडून सूट मिळवावी लागली. एका गुंतवणूक न्यासाने दुसऱ्याचे समभाग किती घ्यावेत यावर कायद्याची मर्यादा होती, आणि ती शिथिल झाल्याशिवाय ग्रिसवोल्ड यांच्या फंडासारख्यांना यात येता येत नव्हते. समभागाची किंमत २५ डॉलर ठेवण्यात आली. उद्दिष्ट ५० लाख डॉलरांचे होते. प्रत्यक्षात सुमारे ३५ लाख जमले. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून आली. विमा कंपन्यांबरोबर एमआयटी, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि टेक्सासमधील राइस इन्स्टिट्यूट यांनीही समभाग घेतले.

संस्थेचे स्वतःचे समभागही सुरुवातीला ओव्हर-द-काउंटर बाजारातच विकले जात. न्यूयॉर्क शेअर बाजारात त्यांची नोंद १९६१ मध्ये झाली. तोवरच्या काळात त्यांचा भाव अनेकदा संस्थेच्या निव्वळ मालमत्ता मूल्यापेक्षाही खाली राही. म्हणजे डोरियो यांनी निवडलेल्या सर्व कंपन्यांची जी किंमत हिशोबात दिसे, त्याहून कमी भावाने बाजार त्यांचे समभाग विकत होता. १९४९ मधील दुसऱ्या समभाग विक्रीला अपेक्षेइतका प्रतिसाद मिळाला नाही.

डोरियो यांची कार्यपद्धती सावकाश होती. दरवर्षी शेकडो प्रस्ताव येत. त्यांतील मोजकेच स्वीकारले जात. कल्पनेपेक्षा माणूस पाहावा, असा त्यांचा दंडक होता. सामान्य कल्पना घेऊन आलेला उत्तम माणूस त्यांना चाले, उत्तम कल्पना घेऊन आलेला सामान्य माणूस चालत नसे. पैसा काही अंशी समभागांच्या आणि काही अंशी कर्जाच्या रूपाने दिला जाई, कारण संस्थेला दैनंदिन खर्चासाठी व्याजाची मिळकत आवश्यक होती. पैसा दिल्यानंतर डोरियो व त्यांचे सहकारी कंपनीच्या संचालक मंडळावर बसत, हिशोबनीस शोधून देत, ग्राहक मिळवून देत. कंपनी आजारी पडली म्हणून तिचे समभाग विकून मोकळे होणे त्यांना गैर वाटे. गुंतवलेल्या कंपन्यांना ते लेकरांची उपमा देत असत, आणि स्वतः निपुत्रिक असलेल्या या गृहस्थांनी ती उपमा बरीच गंभीरपणे घेतली होती असे दिसते.

पहिल्या गुंतवणुकींपैकी हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग ही कंपनी एमआयटीतील संशोधक रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ आणि जॉन ट्रम्प यांच्या उच्चदाब जनित्रांवर उभी होती. या यंत्रांच्या साहाय्याने कर्करोगावर क्ष-किरणांचे उपचार करता येत. तिला २ लाख डॉलर देण्यात आले. १९५५ मध्ये कंपनीचे समभाग जनतेला विकले गेले तेव्हा या गुंतवणुकीचे मूल्य १८ लाख डॉलरांच्या घरात गेले होते. ट्रेसरलॅब ही किरणोत्सारी समस्थानिके आणि मापन उपकरणे यांचा व्यवसाय करणारी कंपनी भांडवलासाठी दारोदार फिरून संस्थेकडे आली होती. १९४९ मध्ये सोव्हिएत संघाच्या पहिल्या अणुस्फोटानंतर हवेतील कणांचे जे विश्लेषण झाले, त्यात तिचा सहभाग होता. खारे पाणी गोडे करणारी आयोनिक्स आणि समुद्रात तेलविहिरी खोदणारी, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांची झपाटा ऑफ-शोअर, याही याच यादीतल्या. प्रशांत महासागरात ट्यूना मासे पकडून डबाबंद करण्याचा एक उद्योग मात्र पैशांसह बुडाला.

एमआयटीचा काढता पाय

सर्वांत बोलकी घटना १९५५ च्या सुमाराची आहे. कॉम्प्टन यांचे १९५४ मध्ये निधन झाले. त्यानंतर एमआयटीच्या वित्त समितीने ही गुंतवणूक शिक्षणसंस्थेच्या पैशाला शोभणारी नाही, असा पवित्रा घेतला. विचारी माणसाच्या कसोटीवर ती उतरत नाही, हेच कारण पुढे आले. १८३० चा निर्णय सव्वाशे वर्षांनंतरही विश्वस्तांच्या बैठकीत हजर होता. एमआयटीने आपला हिस्सा विकून संबंध संपवला. समितीला दोष देणे सोपे आहे. नऊ वर्षांत संस्थेने भव्य असे काही दाखवले नव्हते, समभागाचा भाव निराशाजनक होता, आणि पैसा विद्यार्थ्यांच्या व अध्यापनाच्या कामाचा होता. पण दोनच वर्षांनी ज्या गुंतवणुकीने संस्थेचे भाग्य बदलले, ती एमआयटीच्याच प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या दोन अभियंत्यांची होती.

डिजिटल इक्विपमेंट

केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील तरुण अभियंते १९५७ मध्ये संगणक कंपनीचा प्रस्ताव घेऊन डोरियो यांच्या संस्थेकडे आले. त्या काळी मोठमोठ्या कंपन्या संगणकाच्या व्यवसायात तोटा सोसत होत्या. म्हणून संचालकांसमोर जाताना संगणक हा शब्दच वापरू नये, असे त्यांना संस्थेतून सुचवण्यात आले. कंपनीच्या नावातूनही तो गेला आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन हे नाव आले. सुरुवातीला विकायचे होते ते इलेक्ट्रॉनिक मंडलांचे सुटे संच. त्यांतून नफा दिसू लागल्यावरच यंत्राचा विचार करायचा होता. संस्थेने ७० हजार डॉलरांच्या बदल्यात सुमारे ७० टक्के हिस्सा घेतला आणि पुढे कर्जाची तयारी ठेवली. आजच्या नजरेने हा हिस्सा फार मोठा वाटतो. दोघा अभियंत्यांपुढे त्या वेळी दुसरा दरवाजा उघडा नव्हता.

मेनार्ड या गावातील जुन्या लोकर गिरणीत जागा भाड्याने घेऊन कंपनी सुरू झाली. ज्या गिरण्या बंद पडल्यामुळे बोस्टनच्या धुरीणांना नव्या उद्योगांची चिंता लागली होती, त्यांपैकीच एकीच्या लाकडी जमिनीवर हा नवा उद्योग उभा राहिला. पहिल्याच वर्षी नफा झाला. १९५९ च्या अखेरीस पीडीपी-१ हा संगणक जाहीर झाला आणि १९६५ मधील पीडीपी-८ ने लहान आकाराच्या, तुलनेने स्वस्त अशा मिनीसंगणकांचे युग सुरू केले. १९६६ मध्ये डिजिटलचे समभाग २२ डॉलर भावाने जनतेस देण्यात आले. १९६८ पर्यंत डोरियो यांच्या संस्थेकडील हिश्शाचे मूल्य ३५ कोटी डॉलरांहून अधिक झाले होते. म्हणजे केवळ मूळ भागभांडवलाचा हिशोब धरल्यास सुमारे पाच हजार पट. या काळात ते समभाग विकून नफा पदरात पाडण्याची संधी अनेकदा आली होती. डोरियो यांनी बहुतांश हिस्सा राखून ठेवला.

या यशाची दुसरी बाजूही आहे. संस्थेच्या पाव शतकातील वार्षिक परतावा अभ्यासकांनी १५ टक्क्यांच्या आसपास काढला आहे. त्यातून एकटी डिजिटल वगळली तर तो साधारण निम्म्यावर, ७ टक्क्यांच्या थोडा वर येतो. दीडशेहून अधिक कंपन्यांत पैसा घालून एका कंपनीने सगळा ताळेबंद पेलला, असा याचा अर्थ. डोरियो यांच्या पद्धतीचे समर्थन करणारे आणि तिच्यावर शंका घेणारे, दोघेही हेच आकडे वापरतात.

नियामकांशी संघर्ष आणि विलीनीकरण

सार्वजनिक कंपनी म्हणून नोंद असल्याने संस्थेवर रोखे नियामक आयोगाची देखरेख होती. गुंतवलेल्या कंपन्यांचे मूल्य कसे धरावे यावरून आयोगाशी सतत पत्रव्यवहार चाले, आणि डोरियो यांच्या मते तो संस्थेचा वेळ खाणारा होता. त्याहून जिव्हारी लागणारा प्रश्न वेतनाचा होता. संस्थेच्या कर्मचाऱ्यांना यशस्वी कंपन्यांमध्ये स्टॉक ऑप्शनच्या रूपाने वाटा देण्यास नियमांची आडकाठी होती. संस्थेने वाढवलेल्या एका कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हा तिचा प्रमुख सुमारे एक कोटी डॉलरांचा धनी झाला, तर तिच्यासाठी राबलेल्या डोरियो यांच्या सहकाऱ्याला दोन हजार डॉलरांची पगारवाढ मिळाली. तो सहकारी पुढे संस्था सोडून गेला, यात नवल नाही. १९६५ मध्ये त्यांचे निकटचे सहकारी बिल एल्फर्स यांनी ग्रेलॉक ही स्वतंत्र संस्था काढली. तिची रचना मर्यादित भागीदारीची होती : थोडे गुंतवणूकदार, ठरावीक मुदत, नफ्यात व्यवस्थापकांचा वाटा, आणि शेअर बाजारात नोंद नाही. पुढे हेच रूप सर्वत्र रूढ झाले.

डोरियो यांना योग्य उत्तराधिकारी मिळाला नाही, की त्यांनी कोणाला तयार होऊ दिले नाही, याविषयी मतभेद आहेत. सर्व महत्त्वाचे निर्णय स्वतःकडे ठेवण्याची त्यांची सवय लक्षात घेता दुसऱ्या मतात तथ्य असावे. १९७२ मध्ये संस्था टेक्स्ट्रॉन या उद्योगसमूहात विलीन करण्यात आली. टेक्स्ट्रॉनच्या एका विभागाच्या स्वरूपात ती पूर्वीचा प्रभाव टिकवू शकली नाही. युरोपात आणि कॅनडात याच धर्तीवर निघालेल्या ज्या संस्थांमागे त्यांची प्रेरणा होती, त्यांपैकी युरोपमधील संस्था १९७० च्या दशकात बंद पडली.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने निवृत्तिवेतन निधींना लागू असलेल्या विचारीपणाच्या नियमाचा खुलासा केला. एखादी गुंतवणूक एकटी जोखमीची आहे एवढ्यावरून तिला अविचारी न मानता, ती संपूर्ण निधीच्या संदर्भात पाहावी, असा त्याचा आशय होता. त्यानंतर संस्थांचा पैसा साहस भांडवलाकडे मोठ्या प्रमाणावर वळला. फ्लँडर्स आणि डोरियो यांनी १९४६ मध्ये जे सुचवले होते, ते नियमाच्या भाषेत यायला तेहतीस वर्षे लागली. डोरियो तेव्हा हयात होते, पण त्यांची संस्था त्यांच्या हाती राहिलेली नव्हती.

इन्सीड

युरोपातही हार्वर्डसारखी व्यवसायशिक्षण संस्था असावी, हा डोरियो यांचा जुना आग्रह होता. ओलिव्हिये जिस्कार द'एस्तँ आणि क्लोद जान्सेन या तरुण सहकाऱ्यांच्या मदतीने १९५७ मध्ये पॅरिसजवळील फोंतेनब्लो येथे इन्सीड ही संस्था स्थापन झाली. एकाच देशाची न राहता तिने अनेक देशांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवावे, हा तिचा सुरुवातीपासूनचा हेतू होता. महायुद्ध संपून जेमतेम बारा वर्षे झाली होती आणि फ्रेंच व जर्मन विद्यार्थी एका वर्गात बसवणे ही त्या काळी साधी बाब नव्हती.

व्यक्तिगत जीवन आणि निधन

डोरियो दांपत्य बोस्टनच्या बीकन हिल भागात राहत असे. पाइप ओढणे आणि चित्रे रंगवणे हे त्यांचे विरंगुळे होते. बोस्टनमधील फ्रेंच ग्रंथालयाशी दोघांचा दीर्घकाळ निकटचा संबंध होता. एडना यांचे १९७८ मध्ये निधन झाले. फुप्फुसाच्या कर्करोगाने २ जून १९८७ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी डोरियो यांचे बोस्टन येथे निधन झाले.

मॅसॅच्युसेट्समधील नेटिक येथील लष्करी संशोधन केंद्रात, अतिथंड आणि अतिउष्ण हवामान कृत्रिमरीत्या निर्माण करून सैनिकांच्या साहित्याची चाचणी घेण्यासाठी जी दालने आहेत, त्यांना डोरियो यांचे नाव देण्यात आले आहे. इन्सीडच्या फोंतेनब्लो येथील ग्रंथालयासही त्यांचे नाव आहे. स्पेन्सर अँटे यांनी लिहिलेले त्यांचे विस्तृत चरित्र २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.